परातीवरची घंटा

रामकिसनमामा पहिल्यांदा घरात आले तेव्हा त्यांनी पाणी मागितलं नाही की चहा मागितला नाही. त्यांनी परात मागितली.

"पितळंची हाय का? मोठी बघा, अक्का. आन् खलबत्त्यातला बत्ता."

शिवगंगाबाईंनी परात आणून दिली आणि मनात म्हटलं, हा माणूस आता इथं कणिक तिंबत बसणार आहे की काय. मामांनी परातीच्या कडीला सुतळी बांधली, ती खुंटीला टांगली, बत्त्यानं एक टोला दिला आणि कान देऊन ऐकलं. आवाज घरभर घुमला. आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली शिवांजली ताडकन उभी राहिली आणि तिचं तोंड पांढरं पडलं. मामांनी तिच्याकडं पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "चालंल." परात चालेल म्हणाले की पोरगी, ते काही कळलं नाही.

हे सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतलं. पाटोद्याच्या बाजारपेठेत भीमाशंकरअप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागं घर. त्या तीन-चार वर्षांत दुकानाचं तोंड पार बदलून गेलं होतं. पूर्वी पोती आणि पत्र्याचे डबे असायचे, आता दारात शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. शेजारी एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला होता, गावात केबल आली होती. खेड्यातून बाजाराला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा पुडी उलटीपालटी करून वरचं इंग्रजी लावायला बघायचं. आणि या घरातली सतरा वर्षांची शिवांजली नेमकी इंग्रजीतच दोनदा नापास झाली होती.

बाकीचे विषय पहिल्या झटक्यात सुटले होते. इंग्रजी येत नव्हतं म्हणावं तर तेही नाही. घरात विचारलं तर घडाघडा सांगायची. पण मार्चच्या परीक्षेत तिनं नंबर लिहिला, पहिल्या प्रश्नाच्या दोन ओळी लिहिल्या आणि उरलेला सगळा वेळ नुसती बसून आली. ऑक्टोबरला तर तेवढंही झालं नाही. "हात गार पडला गं आई. माझा हात माझा राहिला न्हाई," एवढंच ती सांगायची. तिला बीडला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं आणि त्याला दहावी पास लागत होती. अप्पांनी सांगून टाकलं होतं, मार्चला शेवटचं; नाही झालं तर उदगीरकडचं स्थळ आलंय, त्यांना होकार कळवायचा. अप्पा काही दुष्ट माणूस नव्हते. पोरीचं असं बसल्या जागी सुकत जाणं त्यांना बघवत नव्हतं.

घरच्यांनी तरी काय करायचं बाकी ठेवलं होतं. टीव्हीवर चादर टाकली, त्याची वायर काढून कपाटात ठेवली. थोरला भाऊ संगमेश दुकानात जरा मोठ्यानं बोलणाऱ्या गिऱ्हाइकासमोर ओठांवर बोट ठेवून उभा राहायचा. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजायची आणि कच्ची राहायची. आणि सगळ्यांनी काहीतरी सोडलं होतं. सोडण्याची रीत या घरात पिढ्यांपासूनची. कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न जमेना, की घरातलं कुणीतरी आपल्या आवडीचं काहीतरी सोडतं आणि कपिलधारला स्वामींच्या समाधीपुढं शब्द देऊन येतं. अप्पांनी चहा सोडला, दिवसाला आठ कप पिणाऱ्या माणसानं. संगमेशनं क्रिकेट सोडलं. आणि शिवगंगाबाईंनी चप्पल सोडली. पहिला निकाल लागला त्या जूनमध्येच त्या कपिलधारला जाऊन बोलल्या होत्या, पोरगी पास होईपर्यंत पायात काही घालणार नाही. पावसाळा चिखलातून गेला, हिवाळा भेगांतून. टाचा फुटायच्या, रक्त यायचं, मग त्या मेण आणि तेल कढवून भरायच्या. त्यांना त्या पायांचा अभिमान होता आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

रामकिसनमामांचं नाव त्यांना पिठाच्या गिरणीत कळलं. गावातल्या शाळेत तेहतीस वर्षं शिपाई म्हणून काढलेला हा माणूस, निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली. सहावी शिकलेला, इंग्रजीत सही येत नाही. आणि तो परीक्षेला घाबरणाऱ्या पोरांच्या घरी जाऊन घरातच परीक्षा घेतो, असं गिरणीतली बाई सांगत होती. पैसे घेत नाही, पेपर सुटेपर्यंत घरातलं अन्नही शिवत नाही. अप्पा ऐकून हसले होते. "मास्तरांना जमंना, ते शिपायाला जमंल व्हय?" पण पोरीसाठी गंडेदोरेसुद्धा करून झाले होते. त्यात आणखी एक, असं म्हणून त्यांनी बोलावू दिलं.

पहिला रविवार शिवगंगाबाईंना जन्मभर लक्षात राहिला. मामांनी शिवांजलीला शाळेचा ड्रेस घालायला लावला. मग तिला घराबाहेर काढलं, दुकानावरून बोळाला वळसा घालून मागच्या दारानं यायला सांगितलं. मागच्या दारात ते स्वतः उभे. अंगात तोच जुना खाकी सदरा, धुऊन इस्त्री केलेला. पट्टा तुटलेलं मनगटी घड्याळ खिशात. इतका वेळ "अक्का, जरा सुतळी बघा" म्हणणारा वाकलेला म्हातारा दारात ताठ झाला होता आणि त्याचा आवाजही बदलला होता.

"हॉलतिकीट दाखवा. चपला बाहेर काढा. वह्या-पुस्तकं बाहेर ठेवा. बैठक क्रमांक बघून जागेवर बसा."

नातीच्या वयाच्या पोरीला ते अहो-जाहो करत होते. टेबलावर त्यांनी खडूनं नंबर लिहून ठेवला होता. साडेदहाला परातीवर पहिली घंटा झाली. दहा मिनिटं कमी अकराला दुसरी, तेव्हा कोरे कागद दिले. अकराला तिसरी घंटा झाली आणि मामांनी खळ लावून बंद केलेलं खाकी पाकीट तिच्यासमोर धरलं, "पाकीट बंद असल्याची खात्री करा," म्हणाले आणि फोडलं. आत मागच्या कुठल्यातरी सालचा पेपर होता. तो निवृत्त झालेल्या सुंदरराव गुरुजींनी दिलेला होता, आणि तपासायचंही त्यांनीच कबूल केलं होतं. दारात उभ्या राहिलेल्या शिवगंगाबाईंच्या अंगावर काटा आला. आपल्याच घरात, आपल्याच परातीवर, आपल्याच गावातल्या म्हाताऱ्यानं हे केलं होतं, आणि तरी त्यांनाच घाम फुटला होता. मग पोरीला त्या मोठ्या शाळेत, परक्या माणसांत काय होत असेल, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बारा मिनिटं झाली आणि शिवांजली उठून मोरीकडं पळाली. उलटी झाली. अप्पा दुकानातून धावत आले. "बंद करा हा तमाशा," असं म्हणणारच होते, तेवढ्यात मामांनी खिशातून छोटी वही काढली आणि तिच्यात लिहिलं, बारा मिनिटं.

"लई झालं," ते समाधानानं म्हणाले. "पयल्यांदा बारा मिनिटं लई झालं. पुढच्या रविवारी येतो."

"आवो, पण तिला काही शिकवा तरी," शिवगंगाबाई म्हणाल्या.

"मला कुठं येतंय, अक्का? शिकवणारे लई हायती. म्या फकस्त बसवतो."

जाताना दारात थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. घर फार गप्प आहे. इतक्या गप्प घरात पोरीला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत असतील, मग ती दुसरं काय करणार. टीव्हीवरची चादर काढा, कुकर लावा, दुकानात लोकांना बोलू द्या.

संगमेशला तर हर्षच झाला. दुसऱ्या रविवारी परातीवर अकराची घंटा झाली आणि मामांच्या हुकुमानं घरात टीव्ही सुरू झाला, स्वयंपाकघरात मिक्सर फिरू लागला, संगमेशनं खिडकीबाहेर उभं राहून कागदाचे बोळे आत फेकले आणि "तिसरा लिव्ह, तिसरा," म्हणून कल्ला केला. परीक्षेच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर चढलेले लोक करतात अगदी तसा. शेजारच्या बायका विचारायला आल्या, घरात कुणाचं काय झालं म्हणून. मामा या सगळ्यात बादली आणि स्टीलचा पेला घेऊन अर्ध्या तासानं शिवांजलीच्या टेबलाजवळ जायचे, पाणी विचारायचे आणि परत दारात येऊन बसायचे. त्या दिवशी वहीत चाळीस मिनिटं लिहिली गेली. शिवांजली उठली तेव्हा तिच्या कागदावर पाऊण पान मजकूर होता. मायलेकी दोघींनीही ते पाऊण पान पुन्हापुन्हा पाहिलं.

तिसऱ्या रविवारी एक तास दहा मिनिटं झाली. वाढ चांगली होती, पण मामा खूश दिसले नाहीत. त्यांनी शिवांजलीला पडायला पाठवलं आणि शिवगंगाबाईंना अंगणातल्या ओट्यावर बोलावलं.

"अक्का, एक इचारू? दारातून तुमी किती येळा गेल्या?"

"पाणी भरायला गेलते. दोनदा-तीनदा."

"चारदा. चारी बारीला पोरीचा पेन थांबला."

"मग जात न्हाई पुढच्या बारीपासनं."

"तुमच्याकडं न्हाई बघत ती. तुमच्या पायाकडं बघती."

शिवगंगाबाईंनी नकळत पाय लुगड्याखाली घेतले.

"तेहतीस वर्षं परीक्षेत पाणी पाजलंय म्या," मामा म्हणाले. "पेपरात डोकवायची मला मनाई, म्हणून पोरांकडं बघितलं. वर आढ्याकडं बघणारं पोरगं आठवत असतंय. शेजारी बघणारं चोरीवर असतंय. पर भुईकडं बघणारं पोरगं, त्याच्या पाठीवर कुणीतरी बसलेलं असतंय."

शिवगंगाबाईंना भयंकर राग आला. आठ महिने. काट्याकुट्यातून, तापलेल्या डांबरावरून, पोरीसाठी. आणि हा शिपाई म्हणतो, तुम्हीच तिच्या पाठीवर बसलात. "तुमी पेपर घ्यायला आला, पेपर घ्या," त्या म्हणाल्या. "माझा नवस हाय त्यो. देवाच्या मधी पडू नका."

मामा चिडले नाहीत. त्यांनी गुडघे छातीशी घेतले.

"माझी सत्यशीला पंच्याऐंशीला दहावीला होती," ते म्हणाले. "याच गावात. मी घंटेवर. लई हुशार. मी तिला मारलं न्हाई, रागं भरलं न्हाई. एकच बोलायचो, सत्ये, शिपायाची पोर पास झाली की गाव बघंल. रोज बोलायचो. भाकर खाताना बोलायचो. मला वाटायचं, पोरीला जोर येतोय. गणिताच्या दिवशी पाणी घेऊन तिच्या बाकाजवळ गेलो. कागद कोरा. खाली बघत होती. म्या पेला पुढं केला, तिनं घेतला न्हाई. बोलायची मला मनाई. पुढच्या बाकावर गेलो. मग दोन वाजले आन् म्या घंटा दिली. माझ्याच हातानं. एक मिनिट उशीर करता आला असता. न्हाई केला."

"मग?"

"मग काय. उन्हाळ्यात लगीन करून दिलं, उमापूरला. घर चांगलं हाय, रान हाय, दोन लेकरं हायती. येती, जाती. त्या दिवसाचं ना तिनं काढलं, ना म्या." मामा उठले. "नवस मोडा असं म्या म्हणत न्हाई. म्या कोण म्हणणार? जे दिसलं ते सांगितलं."

शिवगंगाबाई दोन दिवस धुसफुसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला वाढताना त्यांनी मुद्दाम पाहिलं. शिवांजलीच्या ताटात भाजी घातली, एक पाऊल पुढं टाकलं आणि थांबल्या. पोरीची नजर ताटावरून घसरून भुईवर आली, भेगांवर थांबली, आणि तोंडातला घास फिरायचा थांबला. हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे. त्या समोर असूनही त्यांना दिसलं नव्हतं. एका परक्या माणसाला तीन रविवारांत दिसलं. शिवगंगाबाईंना स्वतःची लाज वाटली, आणि त्या म्हाताऱ्याच्या नजरेची भीतीही वाटली, देवळातल्या मूर्तीच्या डोळ्यांची वाटते तशी.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बसनं निघाल्या. लिंबागणेश मागं गेलं, मांजरसुंब्याला उतरून त्या कपिलधारला पोचल्या, पायऱ्या उतरल्या. फेब्रुवारी होता, धबधब्याची जागा नुसती काळी पडलेली होती. समाधीपुढं बिल्व वाहून त्यांनी हात जोडले आणि हळू आवाजात, पण स्पष्ट, सांगितलं, "स्वामी, दिलेला शब्द मी परत घेते. पोरगी अजून पास झालेली न्हाई, मला माहिती हाय. कोप करायचा तर माझ्यावर करा. तिच्या हाताला काही करू नका."

देवाशी भांडणारी, रडणारी, हट्ट धरणारी माणसं आपण रोज बघतो. पण दिलेला शब्द परत मागायला देवाच्या दारात जाणं, आणि त्याची शिक्षा आपल्यालाच मागून घेणं, हे करायला किती मोठी छाती लागत असेल. ज्या बाईनं आयुष्यात सोमवार चुकवला नाही, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेतला नाही, तिनं हे केलं. पिशवीतून तिनं जुनी चप्पल काढली. आठ महिन्यांत पाय इतके पसरले होते की चप्पल बसेना. टाचा बाहेर ठेवून, लंगडत ती त्या पायऱ्या चढून वर आली.

घरी दारात चप्पल बघून शिवांजली उभीच राहिली.

"आई, हे काय?"

"मोडला नवस."

"माझ्यामुळं?"

शिवगंगाबाईंनी बसमध्ये सगळं ठरवून ठेवलं होतं. "तुझ्यामुळं कावून? टाचा लई दुखत होत्या. आता सोसवत न्हाई मला. मी काही एवढी मोठी भक्तीण न्हाई."

खोटं बोलताना त्यांनी पोरीकडं पाहिलं नाही. आठ महिन्यांत जे काही नाव झालं होतं, केवढी माऊली म्हणून गल्लीतल्या बायका ज्या कौतुकानं बोलायच्या, ते सगळं त्यांनी त्या एका वाक्यात टाकून दिलं. शिवांजली अचानक हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी हसली. "मला वाटायचंच, तुला जमायचं न्हाई," असं म्हणाली आणि आत जाऊन तिनं आईच्या टाचांसाठी तेल गरम केलं. अप्पांनी सगळं ऐकलं होतं. ते बराच वेळ दुकानात उगाच वजनं इकडची तिकडं करत राहिले आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून म्हणाले, "मग मलापण अर्धा कप टाका." अर्ध्या कपावर ते काही थांबले नाहीत.

घर हलकं झालं, पण शिवगंगाबाई हलक्या झाल्या नाहीत. सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसल्या की मंत्र मधेच तुटायचा. आता पोरगी नापास झाली तर ते कुणामुळं, हे त्यांना ठाऊक होतं. ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नाही. रामकिसनमामांनी मात्र चौथ्या रविवारी दारातली चप्पल पाहिली, मग शिवगंगाबाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले. एवढ्या वयाच्या माणसानं आपल्याला हात जोडावेत, याचा त्यांना संकोच वाटला.

चौथ्या रविवारी दोन तास झाले. पाचव्या रविवारी मिक्सर, टीव्ही, संगमेश, पुढच्या दारी आलेली बोहारीण आणि बायकांचा कालवा, या सगळ्यात शिवांजली अकरापासून दोनपर्यंत बसली. बारा वाजता मामांनी परातीवर एक टोला दिला, एकला एक, दोनला दहा मिनिटं कमी असताना इशाऱ्याचा. तिनं मान वर केली नाही. सुंदरराव गुरुजींनी पेपर तपासला. गुरुजींचा हात इतका आखडता की सख्ख्या पुतण्याला कधी अर्धा गुण वाढवला नव्हता. त्यांनी त्रेचाळीस दिले आणि खाली लिहिलं, 'स्पेलिंगकडे लक्ष द्यावे.'

मार्चमधल्या त्या दिवशी शिवांजलीला पोचवायला शिवगंगाबाई निघाल्या, तर मामा बोळाच्या तोंडाशी उभे. निवृत्त झाल्यापासून परीक्षेच्या दिवशी ते शाळेच्या रस्त्याला कधी फिरकले नव्हते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी का आलो ते सांगितलं नाही, नुसते बरोबर चालू लागले. शाळेपुढं जत्रा भरलेली होती. भिंतीवर माणसं, झाडावर माणसं, कुणाचा मामा गाइडची पानं फाडून खिशात कोंबतोय, कुणाची आई रडतेय. शिवांजलीनं सगळ्यावरून एक नजर फिरवली.

"मामा," ती म्हणाली, "आपल्या घरापेक्षा इथं कमी कालवा हाय."

आणि ती फाटकातून आत गेली. मागं वळून पाहील म्हणून शिवगंगाबाई वाट बघत राहिल्या. तिनं पाहिलं नाही.

रस्त्यापलीकडच्या सावलीत दोघं बसले. तीन तास म्हणजे किती मोठे असतात, हे शिवगंगाबाईंनी पाच रविवार घरात बघितलं होतं, तरी त्या दिवशी ते नव्यानं कळले. बाराची घंटा झाली. मामांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. "दोन मिनिटं मागं हाय," ते नाखुशीनं म्हणाले. त्या वेळी एक पोरगं चक्कर आलं म्हणून दोघांनी धरून बाहेर आणलं. शिवगंगाबाईंनी पदर तोंडाला लावला. आपल्या पोरीचं काय चाललं असेल, हात गार पडला असेल का, स्वामींनी कोप केला असेल का. मामांना त्यांनी पहिल्यांदाच सगळं सांगितलं, नवस कसा परत घेतला आणि काय मागून घेतलं ते. "म्हणजे तिचं वझं तुमी उचललं," मामा म्हणाले. "मला त्या बारीला हे सुचलं न्हाई." पुढं एकची घंटा झाली, मग इशाऱ्याची. दोनची शेवटची घंटा झाली तेव्हा मामांनी डोळे मिटून घेतले होते.

पोरं बाहेर पडायला लागली. गर्दी आली, ओसरली, भिंतीवरची माणसं उतरली, फाटक रिकामं झालं. शिवांजलीचा पत्ता नाही. शिवगंगाबाई उठून फाटकाकडं निघाल्या. आणि मग ती दिसली. सगळ्यांत शेवटी, बोटांना शाई लागलेली, कपाळावरची विभूती घामानं पुसलेली, तोंडावर चक्क राग. आईला ओलांडून ती सरळ मामांपुढं येऊन उभी राहिली.

"मामा, येळ पुरला न्हाई."

"काय म्हणली?"

"येळ पुरला न्हाई. शेवटचं पत्र अर्धं राहिलं. त्यांनी हातातून पेपर ओढून घेतला. मला लिव्हायचं होतं अजून."

जूनमध्ये निकाल लागला, शिवांजलीला बावन्न पडले आणि ती बीडला नर्सिंगला गेली, ते पुढचं. पण शिवगंगाबाईंना विचाराल तर त्यांची पोरगी त्या दुपारीच पास झाली. जिचा हात दोन परीक्षांत कागदावर चालला नव्हता, ती वेळ कमी दिला म्हणून भांडत होती. शिवगंगाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. ही आपण जन्म दिलेलीच पोर आहे, यावर त्यांचा विश्वास बसेना.

मामांनी टोपी काढली, टोपीनंच तोंड पुसलं, डोळे पुसले आणि परत डोक्यावर ठेवली. तेहतीस वर्षांत ही तक्रार त्यांनी हजारदा ऐकली असेल, आणि दर वेळी "पुढच्या बारीला भरभर लिव्हा" असं सांगून वाटेला लावलं असेल. त्या दिवशी त्यांनी शिवांजलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग ते एसटी स्टँडच्या दिशेनं वळले.

"मामा, तिकडं कुठं?" शिवगंगाबाई म्हणाल्या. "आज तरी घरी जेवायला चला."

"गेवराईची गाडी धरतो. उमापूरला जायचं हाय."

"एकदम? काही निरोप आला का?"

"न्हाई." मामा थांबले, पण मागं वळले नाहीत. "सत्यशीलानं त्या दिवशी पाणी कावून घेतलं न्हाई, ते तिला इचारायचं हाय. बारा वर्षं झाली, म्या इचारलंच न्हाई."

आणि ते उन्हातून चालत निघाले.